बसणाऱ्याचं जेवण

बडनेरा जंक्शनच्या फलाटावर अकोल्याकडच्या गाडीची वाट पाहत एक बाई उभी होती. पिशवीत पुस्तक नव्हतं, वही नव्हती, जपमाळ नव्हती, लोकरीचा गुंडासुद्धा नव्हता. फिक्या रंगाचे सैल कपडे, एक चादर, टॉर्च, रक्तदाबाच्या गोळ्या आणि साबणाची वडी, एवढंच. मोबाईल होता, पण तो संध्याकाळी कुणाच्या तरी कपाटात जाऊन पडणार होता.

नव्या वस्तीतून सोडायला आलेल्या शेजारणीला अजून पटत नव्हतं. "अव माय, दहा रोज चूप? तू तं कुकरसंगं बोलतं!" घरून निघताना सासूबाईंनी मात्र वेगळाच प्रश्न टाकला होता. वय पंच्याऐंशीच्या पुढं, ऐकू कमी येतं, पण विचारतात ते नेमकं. "बसनं तं समजलं. पन बसनाऱ्याले जेवाले कोन घालते तिथी?"

बाई तेव्हा हसली आणि चपला घालून निघाली. (ही बाई कोण, हे वाचकानं विचारू नये. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, मागच्या वर्षी निवृत्त झाली, आणि लिहिणाऱ्याच्या फार जवळची आहे, इतकं पुरे.)

निवृत्त झाल्यावर आठवडाभर कुठंतरी एकटीनं जाऊन राहायचं, हे तिनं कधीचं ठरवून ठेवलं होतं. डोळ्यांसमोर वाळवंट होतं. किराणा दुकानाच्या दिनदर्शिकेवर असतं तसं: वाळूच्या लाटा, एक उंट, बाकी काही नाही. त्या 'काही नाही'चंच आकर्षण. थरमध्ये जोधपूरला विपश्यनेचं केंद्र आहे, नावही तसंच, 'धम्म मरुधरा'. तिकडं जायचं म्हणताच मुलगा म्हणाला, "आई, बडनेऱ्याचा माणूस ऊन खायला राजस्थानात जातो का?" आता यावर काय बोलणार? राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला, हे खरं. पण मे महिन्यात अकोला-अमरावतीत तो ४५ला टेकला तर इथले लोक त्याला बातमीही म्हणत नाहीत. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि दुपट्टा तोंडाला गुंडाळून दुचाकीवर जाणारी मुलगी जैसलमेरची की अमरावतीच्या राजापेठेची, हे ओळखू येत नाही.

मग तिनं जवळचं केंद्र पाहिलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं. अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात 'धम्म अनाकुल' आहे. नागपूर, यवतमाळ, चंद्रपूर इथंही केंद्रं आहेत. ती नेमकी कुठं गेली ते सांगायचं कारण नाही. पूर्णा ओलांडून गेली, हे मात्र सांगायला हवं, कारण पूर्णेच्या दोन्ही काठांना वऱ्हाडाचं स्वतःचं वाळवंट पसरलेलं आहे. नकाशावर ते हिरवं दिसतं. सरकारदरबारी आणि शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचं नाव 'खारपाणपट्टा'.

वाळवंट म्हणजे पाणी नसलेली जमीन, ही शाळेतली व्याख्या तिनं स्वतः कित्येक वर्षं मुलांकडून पाठ करून घेतली होती. खारपाणपट्टा त्या व्याख्येत बसत नाही. इथं पाऊस थरच्या कितीतरी पट पडतो. जमीन काळी, खोल, कपाशीची. खाली पाणीही आहे, हाताला लागेल इतकं. पण विहिरीत पोहरा सोडा, वर येतं ते खारट. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावं या पट्ट्यात येतात: भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर. विहिरीच्या पाण्यानं ओलीत करायला जावं तर जमीनच बिघडते. क्षारांमुळं माती चोपण होते, वरचं पाणी आत मुरत नाही. तुरीची डाळ त्या पाण्यात लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते. मूत्रपिंडाच्या दुखण्याच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात. एकेकाळी या खोऱ्यातल्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत असत. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आणि पायाखाली मिठागर! उंट तेवढा नाही.

गाडी कुरूम, माना, मूर्तिजापूर, बोरगाव करत अकोल्याला आली. पुढं एसटी. अकोटच्या रस्त्यावर गांधीग्रामला पूर्णा लागते. श्रावणात इथूनच पूर्णेचं पाणी कावडीनं खांद्यावर वाहून अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात. १९४४ साली पाऊस नव्हता तेव्हापासूनची ही रीत. रात्रभर हजारो पोरं अनवाणी चालतात, मोठ्या कावडींना शेकडो घागरी बांधलेल्या असतात. नदी गोड, काठच्या विहिरी खाऱ्या. तेव्हा या मुलखात गोडं पाणी खांद्यावर वाहून नेण्याला देवाचं काम मानतात, यात नवल नाही. बाईच्या मनात हे सगळं खिडकीतून आलं आणि गेलं. तिला तेव्हा मौनाची जास्त काळजी होती.

विपश्यनेच्या दहा दिवसांची पद्धत बहुतेकांना आता ऐकून ठाऊक आहे. मंडालेत १९२४ साली जन्मलेले, धंद्यात मुरलेले सत्यनारायण गोएंका डोकेदुखीनं बेजार होऊन सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले, तिथं ही साधना शिकले, १९६९ मध्ये भारतात आले आणि त्याच जुलैत मुंबईत त्यांनी पहिलं शिबिर घेतलं. १९७६ पासून इगतपुरीचं 'धम्म गिरी' सुरू झालं. २०१३ साली ते गेले, पण शिकवणारा आवाज अजून त्यांचाच, ध्वनिमुद्रित. पहाटे चारला घंटा. साडेचारला आसनावर. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा-फळं, संध्याकाळी प्रवचन, नऊ-साडेनऊला दिवे बंद. पहिले तीन दिवस नाकपुडीखालचा श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरभर मन फिरवायचं. लिहायचं नाही, वाचायचं नाही, बोलायचं नाही, खुणाही नाहीत, नजरानजरसुद्धा नाही. याला 'आर्य मौन' म्हणतात. शुल्क नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर पुढचं शिबिर चालतं, आणि पूर्ण दहा दिवस झाल्याशिवाय कुणाचं दानही घेत नाहीत.

वऱ्हाडात या केंद्रांत येणारी माणसं वेगवेगळ्या कारणांनी येतात. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला बाबासाहेबांसोबत ज्यांच्या आजी-आजोबांनी दीक्षा घेतली, अशी घरं इथं गावोगाव आहेत. त्यांतल्या काहींना विपश्यना आपल्या धम्माचाच भाग वाटते, तर काहींना ती चळवळीतून माणूस उठवून डोळे मिटून बसवणारी गोष्ट वाटते, आणि हा वाद चांगलाच खडाजंगीचा आहे. शिवाय गुडघे दुखतात म्हणून आलेले, दारू सोडायची म्हणून आलेले, सुनेनं पाठवलेले. या बाईच्या ओळीत डावीकडं एक तरुण मुलगी होती, उजवीकडं भिंतीला टेकून बसायची परवानगी मिळालेल्या एक म्हाताऱ्या बाई. दोघींचे चेहरे पाहायची मुभा नव्हती. दहा दिवसांत बाईला त्या पायांवरून ओळखू यायला लागल्या. एकीच्या अंगठ्याला मेंदी उतरत चाललेली, दुसरीच्या टाचांना भेगा.

भेगांवरून आठवलं. साधकांना फिरायला जी वाट आखून दिली होती, तिच्या कडेला काळ्या जमिनीत एक भेग होती. चैत्र सुरू झाला होता. पलीकडच्या शेतातली पऱ्हाटी उपटून बांधावर रचून ठेवलेली, हरभरा निघून गेलेला. वाचायला काही नाही म्हटल्यावर माणूस औषधाच्या पाकिटावरचं वाचतो. ते तिनं पहिल्याच दिवशी दोनदा वाचून झालं होतं. मग ती भेग वाचू लागली. दुसऱ्या दिवशी भेगेत करंगळी गेली असती. पाचव्या दिवशी अंगठा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, हे भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत आहे. ती ओळ घडताना बघायला तिला साठ वर्षं लागली. भेगेच्या तोंडाशी कडुनिंबाचा बारका फुलोरा वाऱ्यानं येऊन पडायचा, मुंग्या त्यातला एकेक तुरा आत न्यायच्या. कडेला पांढरट पापुद्रा होता. बोटानं खरवडून जिभेला लावायचा मोह झाला, तिनं आवरला. सातव्या दिवशी आवरला नाही. खारट होता, आणि थोडा कडूही.

मौनाचा त्रास तिला वाटला होता तितका झाला नाही. उलट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असं लक्षात आलं की आपण शाळेत, घरात, बाजारात जे दिवसभर बोलतो त्यातलं बरंचसं समोरच्याला शांत ठेवण्यासाठी बोलतो. ते थांबलं तर जबडा सैल पडतो. त्रास वेगळाच होता. चौथ्या दिवसापासून एक तास हालचाल न करता बसायचं असतं, 'अधिष्ठाना'नं. नेमकी त्याच तासाला एक माशी यायची. कपाळावरून भुवईवर, तिथून नाकाच्या शेंड्यावर. शिकवणारा आवाज सांगे की संवेदना येते आणि जाते, तिला नुसतं बघा. माशी येते खरी, जात मात्र नाही. बाईनं मनातल्या मनात तिला वऱ्हाडीत जे काही सुनावलं ते आर्य मौनात बसत नव्हतं.

आणि जेवण. अकराची घंटा झाली की बायका मुकाट्यानं रांगेत उभ्या राहायच्या. वरण, भात, पोळी, एक भाजी, कधी ताक. ताट वाढून घ्यायचं, खाली बघत जेवायचं, आपलं ताट आपण घासून ठेवायचं. तिसऱ्या दिवशी ताट घासताना बाईच्या ध्यानात आलं की बाळंतपणाचे दिवस सोडले तर आयुष्यात पहिल्यांदाच सलग तीन दिवस तिनं कुणाला काही वाढलेलं नाही. 'काय करू?' असा प्रश्न सकाळी मनात उठतच नव्हता. हाच खरा एकांत, असं तिला क्षणभर वाटलं. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या अर्धवट दारातून हात दिसले. कोपरापर्यंत कणीक लागलेले, हिरव्या बांगड्यांचे दोन हात. सासूबाईंचा प्रश्न तिच्या आसनावर येऊन बसला तो तेव्हापासून.

बसणाऱ्याला जेवू कोण घालतं?

प्रश्न म्हातारीचा म्हणून हसण्यावारी न्यावा असा नाही. वाळवंटात जाऊन बसण्याची प्रथा जिथं मोठी झाली, त्या इजिप्तमधल्या ख्रिस्ती संन्याशांनाही तो सोडवावा लागला होता. चौथ्या शतकात नाईलच्या पश्चिमेला ते ज्या खोलगट भागात जाऊन राहिले त्याचं आजचं नाव वादी अल् नत्रून, म्हणजे नत्रून नावाच्या क्षाराची दरी. प्राचीन इजिप्तचे लोक प्रेतांच्या ममी करायला तोच क्षार वापरत. थोडक्यात, तोही खारपाणपट्टाच! तिथले संन्यासी खजुरीच्या पानांच्या दोऱ्या वळायचे, टोपल्या विणायचे आणि त्या बाजारात धाडून भाकरी आणायचे. तोंडानं प्रार्थना, हातानं टोपली. चार मठ तिथं अजून नांदते आहेत. निर्जन वाळवंट आणि आठवड्याचा बाजार यांच्यामध्ये टोपल्यांची ये-जा होती, हे दिनदर्शिकेवरच्या चित्रात येत नाही.

वऱ्हाडाला तर यासाठी इतकं लांब जायची गरज नाही. बडनेऱ्याहून नरखेडकडे जाणारी रेल्वे आता मोर्शी-वरुडवरून जाते. त्याच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आणि त्याच अंगाला, मध्य प्रदेशच्या हद्दीवर, सालबर्डीचा डोंगर. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी रिद्धपूरला आपले गुरू गोविंदप्रभू यांना भेटले आणि नंतर बारा वर्षं सालबर्डीच्या डोंगरात राहिले, असं महानुभाव परंपरा सांगते. बारा वर्षं! इथं बाई दहा दिवसांची शेखी मिरवत होती. पुढं चक्रधरांनी आपल्या अनुयायांना जी शिस्त लावली ती ऐकायला फार कडक आहे. आपला देश, आपलं गाव सोडावं, आणि नात्यागोत्याच्या माणसांचा संबंध तर मुद्दाम सोडावा. ओळखीचं कुणी नसेल अशा ठिकाणी, मुलखाच्या कडेला, झाडाखाली राहावं. म्हणजे आजच्या भाषेत फोन जमा करून ठेवावा. पण या सगळ्या सोडण्यात एक गोष्ट सोडलेली नाही, ती भिक्षा. रोज गावात जायचं, घरं निवडायची नाहीत, पडेल ते घ्यायचं. एकटं राहणाऱ्यानं दिवसातून एकदा तरी कुणाच्या दारात उभं राहिलंच पाहिजे, अशी ती व्यवस्था होती. सासूबाईंच्या प्रश्नाचं हे एक उत्तर: गाव घालतं, आणि तू मागायला जा.

गोविंदप्रभूंचं तर सगळंच उलटं. ते रिद्धपुरात कुणाच्याही घरात शिरायचे, मडक्यात असेल ते खायचे, जातीपातीची पर्वा नाही. पाण्यावाचून अडलेल्या मातंगांना त्यांनी विहिरीची जागा दाखवली, अशी लीळाही आहे. पुढं याच रिद्धपुरात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. त्याच्या पहिल्या भागाचं नाव 'एकांक', स्वामी एकटे होते तेव्हाचा काळ. आता एकटे होते तर पाहिलं कुणी? स्वामींनी नंतर सांगितलं, भक्तांनी ते ध्यानात ठेवलं, म्हाइंभटांनी विचारून घेतलं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ असा एका एकांताची विचारपूस करता करता उभा राहिला. त्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे.

दुसरं उत्तर वर्ध्याजवळ आहे, पवनारला. विनोबांनी १९५९ साली धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, बायकांसाठी. तिथं ध्यान आहे, मौन आहे, अभ्यास आहे, पण शेत, गाई, स्वयंपाक आणि 'मैत्री' मासिकाची छपाई हेही त्यांनीच करायचं. नोकर नाही. बसणारीनंच उठून भाकरी थापायची. बाई नोकरीत असताना एकदा शाळेच्या सहलीबरोबर तिथं गेली होती. तेव्हा तिला ते आश्रमापेक्षा घरासारखंच वाटलं होतं, आणि थोडी निराशाच झाली होती. घरातून सुटून घरातच यायचं तर तिकीट कशाला काढायचं? आता भिंतीकडं तोंड करून बसल्यावर तिला वाटलं, आपण तेव्हा नीट पाहिलं नाही.

आणि तिसरं उत्तर, ज्याला उत्तर म्हणावं की फटका, ते गाडगेबाबांचं. शेणगावला २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेला डेबूजी मामाकडं दापुऱ्याला पूर्णेकाठी वाढला, म्हणजे खारपाणपट्ट्यातच. १९०५च्या फेब्रुवारीत एका रात्री घर सोडून गेला. कथा इथवर सगळ्या वैराग्यांसारखीच आहे. पण हा माणूस डोंगरात गेला नाही. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. गावात शिरायचं, आधी रस्ता झाडायचा, मग कुणाच्या दारात उभं राहून भाकर मागायची. काम केल्याशिवाय जेवायचं नाही! भातकुली तालुक्यातलं ऋणमोचन बडनेऱ्यापासून लांब नाही. पौषातल्या रविवारी तिथं पूर्णेवर जत्रा भरते. चिखलात घसरत यात्रेकरू नदीत उतरत, म्हणून बाबांनी तिथं घाट बांधायचं काम हाती घेतलं. बाईनं लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून ती जत्रा पाहिली आहे. घाटाचे दगड तिला आठवत नाहीत, रेवड्या आठवतात. बाबा २० डिसेंबर १९५६ला गेले ते वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, अमरावतीला आणत असताना गाडीत. आयुष्यभर रस्त्यावर राहिलेल्या माणसानं शेवटही रस्त्यावरच गाठला. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, पण आपलं राहणं त्यात मांडलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी बाईला हे सगळे जण एका पंगतीला बसलेले दिसत होते: टोपल्या विणणारा संन्यासी, झोळीवाले महात्मे, भाकरी थापणाऱ्या ब्रह्मचारिणी, खराटेवाले बाबा. मधूनमधून शिकवणारा आवाज सांगत होता की मन भटकलं तर परत आणा. ती परत आणायची. मन पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. आत कुणीतरी पाट्यावर चटणी वाटत असल्यासारखा आवाज येई. ध्यानात जे बघायला सांगितलं होतं ते कितपत दिसलं, याबद्दल ती प्रामाणिक आहे: थोडंच. गुडघ्यातली कळ जळत जळत एकदा खरोखरच विरून गेली, तेव्हा तिला इतका आनंद झाला की त्या आनंदानं ती हलली.

नवव्या दिवशी भेगेत मनगट गेलं असतं.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं. त्याचं वर्णन करणं अवघड आहे. शंभरेक माणसं नऊ दिवस गप्प आणि मग एकदम धरणाचे दरवाजे उघडल्यासारखी. अंगणात लग्नाच्या पंगतीचा गलका. जिचे फक्त पाय माहीत होते ती डावीकडची मुलगी अकोल्याला नर्सिंग शिकत होती. टाचांच्या भेगांच्या आजी कापसाच्या गावच्या, मुलाच्या हट्टानं आल्या होत्या आणि त्यांना एक शब्दही कळला नव्हता, "पन बरं वाटलं, कोनी काम नाई सांगतलं". जो तो आपल्या मौनात काय झालं ते दुसऱ्याला सांगत होता, दुसरा ऐकत नव्हता, तोही सांगतच होता. बाईला चांगदेव आठवले. ही पूर्णा पुढं जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते, त्या संगमावरच्या गावाचं नाव चांगदेव, तिथं त्यांचं देऊळ आहे. चौदाशे वर्षं योगसाधना केली म्हणतात त्या योग्यानं ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं आणि मायना सुचेना म्हणून कोरा कागद पाठवला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर आलं पासष्ट ओव्यांचं. गप्प बसण्याचं आणि बोलण्याचं हे प्रमाण अंगणातल्या गलक्याशी बरंच जुळत होतं.

हिरव्या बांगड्यांच्या हातांची मालकीणही तेव्हा भेटली. दर्यापूरकडची, पन्नाशीची, घरी चार एकर, सासर-माहेर दोन्ही खारपाणातली. तीन वर्षांपूर्वी तिनं स्वतः शिबिर केलं होतं, आता दहा दिवस सेवेला आली होती. पहाटे साडेतीनला उठायचं, सगळ्यांच्या आधी. शंभर माणसांचं वरण दोन पातेल्यांत. बाईनं मास्तरणीच्या सवयीनं विचारलं, ध्यानाला वेळ मिळतो का? मिळतो, तिन्ही सामूहिक बैठकांना. आणि स्वयंपाक करताना? ती हसली. माहेरी विहिरीच्या पाण्यात डाळ गळायची नाही, तेव्हा आई शेततळ्याचं पाणी वेगळं भरून ठेवायची, फक्त डाळीपुरतं. पोरांनी त्या हंड्याला हात लावला की मार बसायचा. "इथी पानी गोड हाय," ती म्हणाली, "डाय कशी झटक्यात शिजते. मले तं त्याचंच ध्यान लागते." एवढं बोलून ती पातेली उलथी घालायला आत गेली. बाईनं मागं मागं जाऊन एक पातेलं धरू लागायला हात पुढं केला, तर तिनं तो बाजूला सारला. साधकांनी आत यायचं नसतं.

परतीच्या एसटीत फोन सुरू केला आणि तो मिनिटभर थरथरतच राहिला. गांधीग्रामला पूर्णेत पाणी कमी होतं, मधे वाळू उघडी पडली होती, तिच्यावर कुणीतरी टरबुजाचे वेल लावले होते. अकोला स्टेशनवर गाडीला उशीर होता. बाकावर शेजारी बसलेल्या माणसानं कुठून आलात विचारलं तेव्हा बाईनं सांगायला सुरुवात केली आणि मूर्तिजापूर येईपर्यंत ती सांगतच होती.

बडनेऱ्याला शेजारीण रिक्षा घेऊन आली होती. तिला बाईचा चेहरा उतरलेला वाटला, मुलाला उजळलेला. सासूबाईंनी दोन्ही गोष्टींकडं लक्ष दिलं नाही. खाटेवर उठून बसल्या, कान पुढं केला आणि विचारलं, "मंग? कोन घाले जेवाले?"

बाईनं मोठ्यानं, तीनदा सांगितलं. दर्यापूरकडची बाई, साडेतीनला उठणं, शंभर जणांचं वरण. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पदरानं पुसला.

"मंग आता तुयी पाई कवा?"

नळाचा दिवस होता. बाहेर गल्लीत कुणीतरी पाणी आल्याची हाक दिली, आणि बाई पिशवी तशीच ठेवून मोटर लावायला गेली.